रस्त्याबद्दल बोलणं झालं नव्हतं

हा लेख मागायला संपादकबाईंचा फोन आला, तेव्हा त्यांच्या मनात तंजावूरची बाहुली होती. पाडली तरी पुन्हा उभी राहणारी. "तुमच्या कामाला किती चपखल आहे ना ती!" असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, ती बाहुली मी वर्षानुवर्षं विकली आहे. ती उठते, कारण तिच्या बुडात मातीचा जड गोळा असतो. आमच्या केंद्राच्या वार्षिक समारंभाला येणारा प्रत्येक पाहुणा त्या बाहुलीवर बोलतो आणि टाळ्या घेऊन जातो. खाली बसलेल्या गोळ्याबद्दल आजवर कुणी चकार शब्द काढलेला नाही. माझं काम त्या गोळ्याशी आहे.

मग मी दोन अटी घातल्या. बाहुलीचं चित्र छापायचं नाही आणि माझी तक्रार कापायची नाही. त्यांनी आढेवेढे घेतले, मी फोन ठेवायची तयारी दाखवली, आणि सौदा ठरला.

तक्रार आधीच सांगते, म्हणजे कापायला अवघड जाईल. तंजावूरच्या आम्हा मराठी माणसांच्या लग्नांना मला बोलावत नाहीत. माझ्या सख्ख्या आतेबहिणीने मुलीचं लग्न केलं, सगळी गल्ली जेवून आली, मला दुसऱ्या दिवशी डब्यातून लाडू पोचले. मी वाईट वागते म्हणून नव्हे. मी भांडते, पण भांडखोर बायका आमच्यात पुष्कळ आहेत आणि त्या सगळ्या मांडवात पुढे बसतात. कारण वेगळं आहे. डासांच्या धुराची गाडी शिरली की गल्लीत डेंग्यू आहे हे सगळ्यांना कळतं. तसं ही गिरिजाक्का, म्हणजे मी, ज्या घराची पायरी चढली त्या घरात कुणाचं तरी डोकं फिरलंय, असा हिशेब लोक मांडतात. मांडवात मला बघितलं की लोक नवरीकडे बघायचं सोडून नवरीच्या भावाबहिणींकडे बघायला लागतात.

आता काम काय ते सांगते. मनाचा एक आजार असतो. त्यात माणसाला कुणी नसताना बोलणं ऐकू येतं, किंवा कुणीतरी आपल्या वाईटावर आहे अशी पक्की खात्री वाटते. डॉक्टर त्या माणसाला बघतात. त्याच्याबरोबर आलेल्या आईला, बायकोला, भावाला बघायला कुणी नसतं. ती मंडळी बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसतात आणि नंबर झाला की घरी जातात. घरी गेल्यावर काय करायचं हे त्यांना ठाऊक नसतं. मी त्या बाकावरच्या माणसांसाठी आहे.

या कामात मी पदवी घेऊन आले नाही. राजवाड्याच्या वाटेवर जमिनीवर चादर अंथरून पितळी दिवे आणि बाहुल्या विकायला लागले, पुढे दुकान केलं. आमच्यात मराठी सगळे बोलतात, देवनागरी वाचणारे थोडे. मी ती शिकले पाटी लिहायला, पुण्या-कोल्हापूरचे प्रवासी थांबावेत म्हणून. ते थांबायचे, "किती जुनं, किती गोड मराठी!" म्हणायचे, आणि त्याच गोड तोंडाने भाव पाडायचे. तिथे मी एक शिकले. समोरचा जे मागतो ते त्याला हवं नसतं. त्याला काय हवंय ते ओळखलं की सौदा होतो.

मग माझा धाकटा भाऊ आजारी पडला. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी, आम्ही त्यांना डॉक्टरम्मा म्हणतो, त्याला प्रश्न विचारले, औषध लिहिलं, पुढच्याला हाक मारली. मी खुर्चीवरून उठले नाही. म्हटलं, "घरी गेल्यावर हा म्हणेल शेजारी विष घालतात. मी हो म्हणू की नाही म्हणू? एवढं सांगा, उठते." बाहेर रांग ओरडत होती. डॉक्टरम्मांनी पेन खाली ठेवलं.

"दोन्ही म्हणू नकोस," त्या म्हणाल्या. "हो म्हणालीस तर त्याची भीती पक्की होईल. नाही म्हणालीस तर तूही शेजाऱ्यांच्या बाजूची ठरशील. 'भीती वाटत असेल ना तुला,' एवढंच म्हण. भीती खरी आहे."

पुढे काही वर्षांनी त्यांनी आजाऱ्यांच्या घरच्यांसाठी केंद्र काढलं आणि मलाच बोलावलं. म्हणाल्या, "रांगेतल्या सगळ्यांना तुझाच प्रश्न विचारायचा असतो, पण ते उठून जातात. तू त्यांच्यासाठी बस." भाऊ आता झेरॉक्सच्या दुकानात काम करतो आणि माझ्याशी कडाकडा भांडतो. म्हणजे बरा आहे.

बाकावरच्या माणसांना मी जे सांगते ते फार थोडं आहे. वाद घालू नका, होकारही देऊ नका. टोमणे मारू नका, कारण घरातल्या टोमण्यांनी हा आजार चिघळतो. झोप उडाली की डॉक्टरांना कळवा. आणि आठवड्यातून एकदा स्वतः घराबाहेर पडा. शेवटचं कुणी ऐकत नाही. तिरुवैयारूचे एक संगीतशिक्षक होते. बायकोला आवाज ऐकू येऊ नयेत म्हणून ते दिवसभर तंबोरा छेडत बसायचे. तिला त्याने बरं वाटायचं हे खरं, पण त्यांची बोटं सोलली होती. मी म्हटलं, संध्याकाळी कावेरीवर जा. म्हणाले, "तंबोरा कोण धरील?" मी म्हटलं, मी धरते. "तुम्हाला येतो?" "नाही. म्हणूनच तुम्ही लवकर परत याल." गेले. परत आले तेव्हा त्यांची बायको मला तार कशी छेडायची ते रागावून शिकवत होती.

आता सुंदराबाईंची गोष्ट. नावं सगळी बदलली आहेत, आणि ज्याची गोष्ट आहे त्याला विचारून लिहिते आहे.

सुंदराबाई राजवाड्यामागच्या गल्लीत राहतात. नवरा नाही. मुलगा मुरळी, मुलगी रुक्मिणी, घरातली रुक्कू. मुरळी तिरुच्चीला एका कंपनीत नोकरीला होता, तो एक दिवस सामान न घेताच घरी आला आणि खोलीत बसला. समोरच्या लॉजने दारावर कॅमेरा बसवला होता. तो कॅमेरा आपल्याविषयी बोलतो, असं तो म्हणू लागला. सुंदराबाईंनी मला निरोप धाडला, तो असा: बाहुल्यांची टोपली घेऊन ये, विकायला आलीस असं दिसू दे, आणि मागच्या दाराने ये.

मी संतापले. दुकान सोडून मला किती काळ लोटला होता! तरी टोपली घेतली आणि मागच्या दाराने गेले. सौद्यात पहिलं पाऊल समोरच्याला टाकू द्यावं.

"अगे गिरिजा, त्याला अवसर येतो," सुंदराबाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

हा शब्द नीट समजून घ्या, पुढे त्यावर सगळं अडणार आहे. आमच्या घरांतल्या जुन्या बायका अंगात येण्याला, देवाने किंवा भुताने धरण्याला 'अवसर' म्हणतात. मुरळी ओरडायचा तेव्हा अवसर आला. गप्प बसला की अवसर गेला, घर सुटलं.

"डॉक्टरांकडे नेलं का?"

"नेलं की. गोळी दिली. तो घेईना. म्हणून मी..." त्यांनी कॉफीच्या फिल्टरकडे बघितलं. "कॉफीत विरघळवून देत होते. त्याला कळलं. आता माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नाही गे. दुकानातली बंद पुड्यातली बिस्किटं खातो. मी पोटची आई!"

आमच्या धंद्यातली सगळ्यात नेहमीची चूक ती ही. ज्या माणसाला वाटतंय की आपल्या खाण्यात काहीतरी घालतात, त्याच्या खाण्यात आपण खरोखरच काहीतरी घालतो. मग तो चुकीचा कुठे ठरतो?

मी मुरळीच्या दाराशी बसले. डॉक्टरम्मांनी त्याला तमिळमध्ये विचारलं होतं, तुझ्याशी कुणी बोलतं का? तो नाही म्हणाला होता. मी मराठीत विचारलं.

"मराठीत बोलतात," तो आतून म्हणाला. "तमिळमध्ये कोण बोलणार माझ्याशी? आजोबांसारखं बोलतात. 'उठ रे गद्ध्या' म्हणतात."

"भीती वाटते?"

"कॉफीची वाटते."

मी म्हटलं, "बरोबर आहे. तुझ्या कॉफीत गोळी होती. आईने घातली होती. पुन्हा घालणार नाही." स्वयंपाकघरात भांडं आपटल्याचा आवाज आला. "आता तुला काय हवंय ते सांग."

सौदा व्हायला कित्येक फेऱ्या लागल्या, टोपलीतल्या बाहुल्यांचे रंग उडाले. शेवटी ठरलं ते असं. घरात कॉफी मुरळी करणार. गोळी त्याने स्वतःच्या हाताने, पाकिटातून फोडून घ्यायची. आणि करणाऱ्याने आधी समोरच्यादेखत एक घोट प्यायचा, मग दुसऱ्याला द्यायचा. रांधलेल्या जेवणाला आणि पाण्यालाही हाच नियम.

सुंदराबाई उसळल्या. "म्हणजे उष्टं? या घरात?"

"ओठ न लावता वरून ओता. देवाला चालेल."

"देवाशीसुद्धा सौदा करतेस तू!"

"देव तुमच्या मुलापेक्षा लवकर ऐकतो," मी म्हटलं.

मुरळीची कॉफी उत्तम होती. डिकॉक्शन पहिल्या धारेचं, दूध जेमतेम. हळूहळू तो खोलीतून ओसरीवर आला, आमच्या केंद्रावर यायला लागला. आवाज गेले नाहीत, पण मऊ झाले. "आजोबा आता थकलेत," असं तो म्हणायचा.

तेवढ्यात रुक्कूला स्थळ आलं. कुंभकोणमचं, आपल्यातलं, मुलगा बँकेत. मध्यस्थी केली सुंदराबाईंच्या थोरल्या भावाने, तुकोजीमामाने. या मामाने भाचा आजारी असताना एकदाही उंबरा ओलांडला नव्हता. स्थळ येताच तो रोज यायला लागला. त्याने दोन हुकूम सोडले. लग्न होईपर्यंत मुरळीला ओरत्तनाडूच्या त्याच्या शेतावर ठेवायचं, आणि गिरिजाचं येणं-जाणं, तिला फोन करणं बंद. गोळ्यांची पाकिटं शेतावरच्या गड्याने बघितली तर गावभर होईल, म्हणून गोळ्याही घरीच राहिल्या. सुंदराबाई मान खाली घालून 'सरि', म्हणजे बरं, म्हणाल्या. विधवा बहीण, लग्नाची मुलगी. त्यांच्याकडे सौद्यात टाकायला काही उरलं नव्हतं.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मुरळी आला नाही तेव्हा फोन केला, तर फोन बंद. घरी गेले, तर मागचं दार बंद.

मग एकदा चहा पिताना आमच्या केंद्रात फोन घेणारी सेल्वी सहज म्हणाली, "अक्का, तुमच्या त्या सुंदराबाईंचा परवा फोन आला होता. काही नाही, तुम्हाला सांग म्हणाल्या, अवसरम् इल्लै."

तमिळमध्ये 'अवसरम्' म्हणजे घाई. अवसरम् इल्लै, घाई नाही. सेल्वीने निरोप सरळ तमिळ म्हणून ऐकला. तिची काय चूक? तिच्या भाषेत तेवढाच अर्थ होतो.

घाई नाही हे सांगायला कोण फोन करतं? तोही मला दार बंद करून? "अजून काय म्हणाल्या? शब्द न् शब्द आठव."

"ओरत्तनाडूला भावाच्या शेतावर त्याला बघून आले, भावाला कळू देऊ नका, म्हणाल्या. पेसामा इरुक्कान. गप्प असतो. मी म्हटलं, मग चांगलंच की. त्यांनी फोन ठेवला."

सुंदराबाई आमचं मराठी तमिळमध्ये बोलत होत्या. अवसर नाही, तो गप्प आहे. अवसर गेला म्हणजे घर सुटलं, असं मानणारी बाई ते सांगायला चोरून फोन करते, म्हणजे ते गप्प बसणं बघून ती मनातून हादरली होती. मी त्यांना शिकवलं होतं की ओरडणाऱ्यापेक्षा अचानक गप्प झालेल्याची काळजी करा. तो धडा त्यांनी लक्षात ठेवला होता. शब्द मात्र जुना राहिला.

डॉक्टरम्मांना फोन लावत मी ओरत्तनाडूची गाडी पकडली. मुरळी पंपाच्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता. ओठ फुटले होते. शेजारी ताट झाकलेलं, तांब्या भरलेला. कुणी आधी घोट घेऊन दाखवला नव्हता, म्हणून त्याने पाण्याला हात लावला नव्हता. आमचा करार तो एकटा पाळत होता.

मी तांब्या उचलला, वरून ओतून प्यायले, त्याच्यासमोर धरला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, पण तोंड उघडलं. एक घोट गेला, पुढे त्याचा हात लुळा पडला. मी गाडी बोलावली. त्याला तंजावूरच्या इस्पितळात सलाईन लावेपर्यंत मामा पोचला होता.

"बोभाटा केलास! लग्न मोडलं तर तू जबाबदार!" तो व्हरांड्यातच ओरडला.

"आणि हा मेला असता तर? सुतक धरून किती दिवस मुहूर्त पुढे ढकलला असतास, तेही काढून ठेवलं होतंस का?" मी त्याच्या दुप्पट आवाजात विचारलं. नर्सने दोघांनाही बाहेर काढलं.

मुरळी सावरला. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. तो घरी आल्यावर रुक्कूने सगळ्यांना समोर बसवलं. ही मुलगी तोवर फारसं बोललीच नव्हती. "लाह्या माझ्या हातात मुरळीच घालणार," ती म्हणाली. लग्नहोमात नवरीच्या ओंजळीत लाह्या घालायचा आणि नंतर नवऱ्या मुलाचा कान पिळायचा मान भावाचा असतो. मामाने त्या जागी आपला मुलगा ठरवून ठेवला होता. "सख्खा भाऊ असताना दुसऱ्याच्या लाह्या मी घेणार नाही. त्यांना सांगून टाका. चालत नसेल तर पोदुम्, पुरे."

सांगायचं कुणी? मी म्हटलं, ज्याचं आहे त्याने. मुरळीला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "मी सांगतो. अक्का बसू दे शेजारी."

कुंभकोणमहून नवऱ्या मुलाचे वडील आले. मुरळीने कॉफी केली, त्यांच्यादेखत आधी स्वतः घोट घेतला, मग त्यांना दिली. ते चक्रावले. मग तो म्हणाला, "मला आवाज ऐकू येतात. गोळी घेतली की कमी येतात. आत्ताही एक आवाज म्हणतोय, गप्प बस."

त्यांनी पेला खाली ठेवला. "मग गप्प का बसत नाहीस?"

"रुक्कूचं लग्न आहे म्हणून."

सुंदराबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. त्या गृहस्थांनी पेला उचलून कॉफी संपवली. शेवटी म्हणाले, "आमचा मुलगा ऐकणार नाही, त्याला रुक्मिणीच हवी आहे. सरि. भावाचं आम्ही समजून घेऊ. पण..." आणि त्यांनी मामाकडे बघितलं.

मामा याच क्षणाची वाट बघत होता. "पण ही बाई मांडवात नको. हिला बघितलं की लोक घरं मोजायला लागतात. मुरळी बसेल, लाह्या घालील, कुणाला काही कळणार नाही. ही आली की सगळं कळेल."

रुक्कू काही बोलणार होती. मी तिला हाताने थांबवलं. मला राग चढला होता. पण सौद्यात राग खिशात ठेवायचा असतो, नंतर कामाला येतो.

"मान्य," मी म्हटलं. "मी मांडवात पाऊल ठेवणार नाही. बदल्यात लाह्या मुरळीच्या, कान मुरळीने पिळायचा. गर्दी झाली की पडायला त्याला एक शांत खोली, आणि त्याच्याबरोबर मामांनी स्वतः बसायचं. सुंदराबाई त्या दिवशी कुणाच्याही मागे धावणार नाहीत. पहिल्या रांगेत बसून मुलीचं लग्न बघतील."

"मी बसू?" मामा म्हणाला.

"नाहीतर मी येते."

मामा बसायला तयार झाला.

लग्नाच्या दिवशी मी माझी जांभळी रेशमी साडी नेसले, गजरा माळला आणि कार्यालयासमोर, रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले. टपरीवाल्याने बाक पुसून दिला. दारातून मी लख्ख दिसत होते. गुलाबपाणी शिंपडणाऱ्या बायका एकमेकींना कोपर मारत होत्या. थोड्या वेळाने मामा फाटकापर्यंत धावत आला आणि रस्ता मध्ये ठेवून ओरडला, "तू कबूल केलं होतंस!"

"मांडवाचं," मी ओरडले. "रस्त्याबद्दल बोलणं झालं नव्हतं!"

तो काही बोलणार, तेवढ्यात आतून त्याला हाक आली. मुरळीशेजारी बसायची वेळ झाली होती.

नादस्वर वाजत राहिला. मग ढोलासकट त्याचा एकदम गजर झाला, म्हणजे मुहूर्त लागला. नंतर बराच वेळ मंत्र ऐकू येत राहिले. लाह्यांना आवाज नसतो, त्यामुळे त्या पडल्या की नाही मला कळेना. मी बाकाची कड धरून बसले. मग आतून मोठा हशा उठला आणि एक पुरुषी आवाज विव्हळला, "अय्यो, हळू!" कान पिळला गेला होता, आणि चांगला पिळला गेला होता.

थोड्या वेळाने मुरळी पुढच्या दारातून बाहेर आला. मागच्या नव्हे. कद नेसलेला, कपाळाला गंध, हातात कॉफीचा डबरा-पेला. सगळे बघत होते. त्याने एक बस जाऊ दिली आणि रस्ता ओलांडून माझ्यासमोर उभा राहिला.

"अक्का, ही मी केलेली नाही," तो म्हणाला. "आचाऱ्याची आहे. पण आधी पिऊन बघितली. ओठ न लावता."

"आजोबा काय म्हणतात?"

"म्हणतात, तिला नेऊन दे रे गद्ध्या, केव्हाची बसली आहे."

मी ती ओठ लावून, सावकाश, सगळ्या गुलाबपाणीवाल्या बायकांकडे बघत प्यायले. कॉफी पाणचट होती.

आमंत्रणं अजून येत नाहीत. पुढचं लग्न माझ्या दुसऱ्या आतेबहिणीच्या मुलाचं आहे. त्या कार्यालयासमोर चहाची टपरी नाही, पण मी जाऊन बघून आले आहे. बसथांबा आहे, आणि त्याला चांगली सावली आहे.